सभेमध्ये लाजो नये, हे मुलींना कोणी सांगितलं?

पत्र थोडक्यात असं : सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये या ताई नववी-दहावीला मराठी शिकवतात. मुलगे-मुली एकत्र शिकतात. जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "कविता तुमच्याकडे आहेत, तेव्हा संस्कारांचं तेवढं तुम्हीच बघा." ताईंनी ते मनावर घेतलं. स्त्रीजीवनावरच्या दहा कविता निवडल्या, शनिवारचा एक तास त्यांच्यासाठी ठेवला. मुलांनी समानतेवर सुरेख उत्तरं लिहिली. मग जनाबाईंचा 'डोईचा पदर आला खांद्यावरी' हा अभंग वाचताना मागच्या बाकांवर हशा पिकला आणि एकाने वर्गातल्या एका मुलीचं नाव घेऊन शेरा मारला. आठवड्याभरात कळलं, की त्याच मुलीच्या फोटोचे स्टिकर मुलग्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताहेत. ते बनवणारा मुलगा म्हणजे समानतेवर सगळ्यांत छान लिहिणारा. त्यात पालक संघातले एक गृहस्थ येऊन "पोरींच्या डोक्यात नको ते भरवू नका" असं बजावून गेले. ताई विचारतात : कोणत्या कविता घेतल्या तर मुलगे सुधारतील? त्यांचा वेगळा तास घ्यावा का? की कवितेने माणूस घडतो ही मुळातच आपली भाबडी समजूत?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मुख्याध्यापक आहेत, तो हुशार मुलगा आहे, बजावून गेलेले पालक आहेत, तुमचा मनस्ताप आहे. जिच्या फोटोचे स्टिकर झाले ती मुलगी मात्र दोन ओळींत येऊन जाते. ती शाळेत येते आहे का? तिच्या शेजारी कोण बसतं? घरी कळलं असेल तर ओरडा कोणाला बसला? कवितेचं आपण बोलूच, पण त्याआधी तिच्याकडे जा.

तिला स्टाफरूममध्ये चार शिक्षकांसमोर उभं करून विचारू नका. मधल्या सुट्टीत काही कामाच्या निमित्ताने बाजूला घ्या. तिचं काहीही चुकलेलं नाही हे तिला तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकू येऊ दे. शाळा काय करणार आहे ते सांगा, आणि घरी सांगायचं झालं तर तुम्ही सोबत याल हेही सांगा. आपल्या भागात अशा वेळी मुलींना त्या मुलग्यांपेक्षा घरच्यांची भीती जास्त वाटते. फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, एसटीने एकटीचं येणं-जाणं बंद होईल, एखादीच्या बाबतीत स्थळं बघायला सुरुवात होईल. ही भीती खरी असते. 'काही होत नाही गं' एवढ्यावर तिची बोळवण करू नका.

शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ मध्ये निघाला. तुमच्या शाळेत ती नुसती फलकावर असेल तर आता तिची बैठक लावून घ्या, आणि झाला प्रकार मुख्याध्यापकांना लेखी द्या. स्टिकरमध्ये अश्लील काही असेल तर विषय पोक्सो कायद्याकडे, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याकडे जातो. मग 'वयच तसं आहे' म्हणून तो शाळेतल्या शाळेत मिटवायची मुभा कोणालाच राहत नाही. आणि पुरावा म्हणून ते स्टिकर शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, तेवढ्याने ते आणखी पाच-पंचवीस फोनमध्ये जातात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गात ठळक लिहून लावा. त्या मुलग्यांच्या पालकांना बोलावणं, केल्या गोष्टीची जबाबदारी त्यांना घ्यायला लावणं हे शाळेचं काम आहे. एखादी चांगली कविता शिकवून ते टळणार नाही.

आता कवितेकडे येते.

'ज्याने सगळ्यांत सुंदर लिहिलं त्यानेच हे केलं, म्हणजे माझं शिकवणं फुकट गेलं,' असं तुम्ही लिहिता. तुम्ही धरून चालला आहात, की चांगली कविता शिकवली की चांगलं उत्तर येतं, आणि चांगलं उत्तर लिहिणारा मुलगा चांगला वागतो. पण ते उत्तर कुठून आलं ते बघू या. आपल्या मुलांना कृतिपत्रिकेची सवय आहे. प्रश्नावर 'स्वमत' असं छापलेलं असतं आणि गाइडमध्ये ते स्वमत तयार मिळतं. या चौकटीत काय लिहिलं म्हणजे मॅडम 'छान' असा शेरा देतात हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. 'स्त्री ही अनंतकाळची माता आहे' असं लिहिलं की गुण मिळतात. 'आज माझा डबा कोणी भरला आणि कोणी घासला' हे लिहायला आपण कधी सांगतच नाही. त्या मुलाने खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्याने समोर आलेला प्रश्न नीट सोडवला. ते उत्तर स्वतःच्या घराशी, स्वतःच्या हातातल्या फोनशी जोडून बघायची वेळ त्याच्यावर कोणी आणली नाही, एवढंच.

तुम्ही पाठवलेली दहा कवितांची यादीही मी दोनदा वाचली. कविता चांगल्या आहेत. पण त्यांतली जवळजवळ प्रत्येक बाई सोसते, राबते, डोळे पुसते, आणि निम्म्याहून अधिक कविता आईवर आहेत. आईची कविता वाचताना वर्ग शांत होतो, मुलग्यांचेही डोळे भरतात, आणि आपल्याला वाटतं, पोहोचली कविता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहासाठी मंगळसूत्र मोडलं, ही हकिकतही आपण अशीच सांगतो. त्या मुलांचं खाणंपिणं त्यांनी बघितलं, दुखणीखुपणी काढली, ते रोजचं काम आपण कामात धरत नाही. मुलग्यांच्या मनात यातून एक चित्र तयार होतं : आदर करायचा तो त्याग करणाऱ्या बाईचा. शेजारच्या बाकावरची मुलगी त्यांच्यासाठी काहीच त्याग करत नाही. ती गणितात त्यांच्या पुढे जाते, मोठ्याने हसते, पुढच्या बाकासाठी भांडते. तिच्याशी कसं वागायचं हे आईवरच्या कवितेतून कळत नाही. त्यामुळे आईसाठी रडणं आणि वर्गमैत्रिणीचा स्टिकर करणं यांत त्या मुलाला काही विसंगत वाटलं नसेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि तुमच्यासारख्या कळकळीने शिकवणाऱ्या किती तरी शिक्षकांच्या याद्यांमध्ये मला हेच दिसतं.

म्हणून 'कोणती कविता' या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटेल. मुख्याध्यापकांना हवी आहे तीच घ्या. समर्थांचं 'उत्तमलक्षण' घ्या. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला हा समास, त्यातल्या ओव्या दहावीच्या कुमारभारतीत आहेत. सज्जनगड तुमच्या जिल्ह्यातला, संस्कारांच्या यादीत याच्यावर कोणाचा आक्षेप येणार नाही. आता त्यातली एकच ओवी फळ्यावर लिहा :

सभेमध्ये लाजो नये । बाष्कळपणे बोलो नये ।
पैज होड घालू नये । काही केल्या ॥

अर्थ सांगू नका. दोनदा मोठ्याने वाचा, एकदा मुलीकडून, एकदा मुलाकडून. मग विचारा, "सभेमध्ये लाजू नकोस, असं तुम्हाला घरी कोणी आणि कधी सांगितलं?" हात वर करायला लावू नका. वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहू द्या. मुलगे लिहितील, की पाहुण्यांसमोर बोल, धीट हो, बुजू नकोस, हे त्यांना लहानपणापासून ऐकायला मिळतं. मुलींच्या वह्यांत बहुधा उलटं येईल : हळू बोल, एवढं काय हसायचं, मोठ्यांमध्ये तोंड घालू नकोस. समर्थांनी जो उत्तम गुण म्हणून सांगितला तो अर्ध्या वर्गाला दुर्गुण म्हणून शिकवला गेला, हे फळ्यावर आपोआप उभं राहतं. तुम्ही समानतेवर एक वाक्य बोलायची गरज नाही.

आणि मग त्यांना वेणाबाईंविषयी सांगा. समर्थांच्या शिष्या, बालविधवा, मिरजेला त्यांचा मठ आजही आहे. त्यांनी सीतास्वयंवरावर काव्य रचलं आणि भर सभेत कीर्तन केलं. त्या काळात एका विधवेने लोकांसमोर उभं राहून कीर्तन करणं म्हणजे काय, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नीट कळतं, कारण गावात आजही कोण कुठे बसतं आणि हळदीकुंकवाला कोणाला बोलावलं जात नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. वेणाबाईंपाशी आलात की 'सभेमध्ये लाजो नये' ही ओळ उपदेशाची राहत नाही. ती खर्ची पडलेल्या धैर्याची होते.

त्याच ओवीत 'पैज होड घालू नये' आहे. वर्गात छेडछाड कशी सुरू होते ते तुम्हाला माहीत आहे : 'लाव पैज, तिला हाक मारून दाखव.' कोणत्या पैजेत दुसऱ्या कोणाला तरी त्रास झाला, हे मुलग्यांना विचारा. नावं न घेता. पुढच्या एका ओवीत 'परपीडा करू नये, विश्वासघात' असं येतं. स्टिकरची गोष्ट मिटल्यावर, त्या मुलीकडे कोणाची नजर जाणार नाही इतके दिवस मधे जाऊ देऊन, विचारा की वर्गाच्या सहलीत काढलेला फोटो कोणी आपल्या नकळत वापरला तर त्याला काय म्हणाल. आणि एक ओळ तर मला दर वर्गात महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहावी असं वाटतं : 'आपले वोझे घालू नये कोणीयेकासी.' आपलं ओझं दुसऱ्यावर टाकू नये. या आठवड्यात माझं कोणतं ओझं घरात कोणी उचललं? गणवेश कोणी धुतला, इस्त्री कोणी केली, जेवल्यावर ताट कोणी उचललं, सायकलची हवा कोणी भरली? मुलगे आणि मुली दोघांनीही लिहायचं. पुढच्या आठवड्यात त्यांतलं एक ओझं स्वतः उचलायचं आणि घरात काय झालं ते लिहायचं. एखादा लिहील, की ताट उचललं तर आजी रागावली, 'बाईमाणसं मेलीत का घरातली' म्हणाली. ही वही तुमच्या दहा कवितांपेक्षा जास्त सांगेल.

आता जनाबाईंविषयी. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' ही ओळ ऐकून चौदा वर्षांचे मुलगे हसले, याचं मला वाईट वाटत नाही. ओळीत धाडस आहे, देहाची जाणीव आहे, त्यांच्या वयाला ती अवघड वाटली. पण ओळीवर हसणं वेगळं आणि मुलीवर हसणं वेगळं. पहिल्या हसण्यावर रागावू नका, त्यालाच प्रश्न करा : "कशाचं हसू आलं? 'आता मज मना कोण करी' असं ती कोणाला विचारते आहे? बाजारात जायला तिला कोण मना करत असेल?" दुसऱ्या हसण्यावर तिथल्या तिथे तास थांबवा. आवाज न चढवता स्पष्ट सांगा, की या वर्गात कवितेवर काहीही बोलता येतं, वर्गातल्या कोणावर नाही. हा नियम वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगून ठेवलेला असला तर बरं, पण उशिरा सांगितला तरी चालतो.

या अभंगाच्या शेवटी जनी स्वतःला 'वेसवा', म्हणजे वेश्या, म्हणवून घेते. मुलांनी मोबाइलवर शोधून ते आधीच वाचलेलं असण्याची शक्यता आहे. तुम्हाला तो शब्द वर्गात नीट, न अडखळता समजावता येत असेल तर पूर्ण अभंग घ्या : लोक मला काय म्हणतील ते म्हणोत, तो शिक्काही मी स्वतःच लावून घेते आणि देवाच्या घरी जाते, इतकी तिची झेप आहे. येत नसेल तर या वर्षी तो घेऊ नका. अर्धा लपवून, चाचरत शिकवलेल्या अभंगाने मुलांची उत्सुकता फक्त त्या लपवलेल्या भागाकडे जाते. 'स्त्री जन्म म्हणवुनी न व्हावे उदास' म्हणणारी जनाबाईही आहे. विटाळाला थेट प्रश्न विचारणाऱ्या, चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई आहेत, आणि ज्या घरांत मुलींना महिन्यातले चार दिवस आजही वेगळं बसवलं जातं तिथल्या मुलींना त्यांचे अभंग कोणीतरी आपली बाजू मांडल्यासारखे वाटतात. पण सुरुवात करायची तर मी मुक्ताईपासून करेन.

ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण दाराबाहेरून विनवते आहे, 'विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी.' जग रागाने आग झालं तर आपण पाणी व्हावं. मुलग्यांना विचारा, रागावून दार लावून घ्यायची मुभा तुमच्या घरात कोणाला आहे? बाबा रागावले की घर कसं होतं? आई रागावली तर स्वयंपाक कोण करतं? धाकट्या बहिणीने तुम्हाला समजावलं तर तुम्ही ऐकाल का? रागाचं काय करायचं हे आपण मुलग्यांना कधी शिकवतच नाही. रडू नकोस एवढं सांगतो आणि सोडून देतो. इथे मराठीतल्या सर्वांत मोठ्या कवीला त्याची धाकटी बहीण ते शिकवते आहे. एखादी मुलगी लिहील, "पाणी हो, हे तर मलाच नेहमी सांगतात." तिला दुरुस्त करायला जाऊ नका. तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि मुक्ताई हे पुरुषाला सांगते आहे हा फरक वर्गाला दाखवायला तिच्या वाक्याइतकी चांगली जागा तुम्हाला दुसरी मिळणार नाही.

इथून मी तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येते. तुमच्या पत्रात मुलग्यांना सुधारायचं आहे आणि मुलींना सगळं आधीच कळलेलं आहे. तसं नसतं. नकुसा हे नाव तुमच्या जिल्ह्याला नवीन नाही. पुढचा मुलगा व्हावा म्हणून 'नको असलेली' असं नाव मुलीला ठेवायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली. तुमच्या वर्गातल्या एखादीची मावशी किंवा आत्या त्यांतली असू शकते. म्हणून सावध राहा : वर्गात मुलींच्या आयुष्याचा पुरावा म्हणून वापर होऊ देऊ नका. "सांग बघू, तुझ्या घरी काय होतं?" असं एकीला उभं करून विचारणं म्हणजे तिला पुन्हा सगळ्यांच्या नजरेखाली ढकलणं. नावांवर काम करायचं असेल तर सगळ्यांनी मिळून करा. आजीच्या पिढीतली बायकांची नावं गोळा करा, लग्नात कोणाचं नाव बदललं ते विचारा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं आवश्यक झालं आहे. मग एक आठवडा हजेरी आईच्या नावासकट घ्या. साधी गोष्ट आहे, पण आपल्या आईचं नाव पहिल्यांदाच मोठ्याने वर्गात ऐकणारी मुलं तुम्हाला दिसतील.

मुलग्यांचा वेगळा तास? नको. त्यातून 'आम्ही गुन्हेगार' एवढाच अर्थ मुलगे घेतील, आणि ज्या चार-पाच जणांनी काहीच केलं नाही तेही त्या कळपात जातील. त्याऐवजी एक करून बघा. कवितावाचनाला कधी पी.टी.च्या सरांना बोलवा, कधी गणिताच्या. कविता आणि भावना हा मॅडमचा प्रांत, असं मुलग्यांनी ठरवून टाकलेलं असतं. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या सरांनी मुक्ताईचा अभंग वाचला आणि 'मला पण राग आवरत नाही' एवढं म्हटलं, तर ते वाक्य मुलं वर्षभर विसरत नाहीत.

आणि तुमच्या शनिवारच्या तासाबाहेरची शाळा एकदा बघा. वर्ग कोण झाडतं, बाकं कोण उचलतं? पाहुण्यांना ओवाळायला कोण उभं राहतं आणि माइकवर सूत्रसंचालन कोण करतं? ३ जानेवारीला बालिका दिनाला मुली सावित्रीबाईंसारखी साडी नेसून येतात, फोटो निघतात. नायगाव तुमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्या गावात जन्मलेल्या बाईने १८५४ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापला. साडी नेसणाऱ्या किती मुलींनी त्यातली एक तरी कविता वाचली आहे? यंदा मुलगे आणि मुली दोघांनी मिळून त्या कविता वाचू द्या, आणि त्या दिवशी ओवाळायचं ताट मुलांच्या हातात द्या. शनिवारी वाचलेली कविता सोमवारी झाडूपाशी खोटी पडली, तर मुलं कवितेपेक्षा झाडूवर विश्वास ठेवतात.

त्या पालकांचं. त्यांच्यावर रागावू नका. 'पोरींच्या डोक्यात नको ते' या वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा पोरगी हातची जाईल, लोक काय म्हणतील, ही धास्ती असते. त्यांच्याशी समानतेवर वाद घालू नका. त्यांना साधं विचारा, "दादा, तुमच्या मुलीला एसटीत कोणी त्रास दिला तर तिने गप्प बसावं की ओरडावं?" मला आजवर एकही बाप 'गप्प बसावं' म्हणालेला आठवत नाही. मग सांगा, की मी वर्गात तेच शिकवते आणि समर्थांच्या ओवीतून शिकवते. त्यांच्या घरात आजी असेल तर तिलाच एक दिवस शाळेत बोलवा. जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ आवाजासह ऐकायला मिळतात. पण आजीच्या तोंडून आलेली ओवी वेगळी. सासर, बाप, भाऊ, नवऱ्याचा मार, पंढरीची ओढ, सगळं ती तुमच्या-माझ्यापेक्षा मोकळेपणाने बोलते, आणि तिला कोणी 'डोक्यात भरवू नका' म्हणू शकत नाही. तुमच्या भागातल्या किती तरी घरांत बाप मुंबईला माथाडी कामावर किंवा फौजेत, आणि शेत, जनावरं, सोसायटीचं कर्ज सगळं आईच्या अंगावर. ती ओवी त्या मुलांना परकी वाटणार नाही.

कवितेने माणूस घडतो का, हे तुम्ही विचारलंत. एका तासाने, एका वर्षाने घडतो असं मी म्हणणार नाही. पण नववीत वाचलेली ओळ चाळिशीतल्या माणसाला ऐन रागात आठवते आणि त्याचा उचललेला हात खाली येतो, हे होऊ शकतं यावर माझा मनापासून विश्वास आहे. त्यासाठी ती ओळ पाठ असावी लागते, नुसती लिहिलेली नाही. म्हणून पाठांतर सोडू नका. आठवड्याला एक ओवी पुरे.

त्या मुलाला, जो इतकं छान लिहितो, तुमच्यापासून तोडू नका. शाळेने जी जबाबदारी त्याच्यावर टाकायची ती टाकू दे, त्यात त्याच्या हुशारीमुळे सूट नको. ते झाल्यावर त्याला त्याचंच जुनं उत्तर परत द्या आणि सांगा, "यातलं जे वाक्य तू स्वतः पाळतोस त्याच्याखाली रेघ मार." बाकी काही बोलू नका. त्याला वेळ द्या, वही परत मागायची घाई करू नका.

आणि सत्राच्या परीक्षेत 'आपले वोझे घालू नये' वर स्वमताचा प्रश्न घाला. तपासताना ज्याने घरातलं खरं उदाहरण दिलं त्याला गुण द्या, भाषा थोडी कच्ची असली तरी. एखाद्याने 'मला हे पटत नाही, आमच्यात बायकांनीच करायचं असतं' असं लिहून आपलं कारण दिलं, तर त्यालाही पूर्ण गुण द्या, आणि उत्तराखाली लाल पेनने एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर त्याला घरी आईला विचारूनच द्यावं लागेल.